कोकरं पीत असताना

माझ्याबद्दल वर्तमानपत्रात जेव्हा जेव्हा छापून आलं, तेव्हा त्यात एक वाक्य हमखास असायचं: ग्रामीण स्त्रीच्या मुक्त आनंदाला रंगमंचावर आणणारी नर्तकी. हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याला हिंगोली जिल्हा नकाशात दाखव म्हटलं असतं तर घाम फुटला असता, आणि पुढच्यांनी ते त्याच्यावरूनच उतरवून घेतलं. आता माझे गुडघे कामातून गेलेत. शिकवण्यापुरती उभी राहते, मग खुर्ची ओढून बसते. तरी मुली अजून विचारतात, मॅडम, एवढा आनंद तुमच्या अंगात कुठून यायचा? आजवर मी हसून काहीतरी सांगत आले. इथे एकदाचं खरं लिहून टाकते. तो आनंद माझा नव्हता. तो माझ्या मायचा होता आणि मी तो तिला न विचारता घेतला.

आमचं गाव आखाडा बाळापूरच्या अलीकडे, रस्ता सोडून आत. घरात मेंढरं आणि थोडी जमीन. माझे वडील मी रांगत असतानाच गेले, म्हणून त्यांच्याबद्दल मला लिहिण्यासारखं काही नाही. घर काकांचं, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाचं. काकू, त्यांची मुलगी चंद्रकला, मी आणि माय, अशी आम्ही एका चुलीवर जेवायचो. काका वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते, कारण असल्या गोष्टीत काका वाईट असले की वाचणाऱ्याला सोपं जातं. सकाळी ज्वारीच्या भाकरींतून आधी मायचा वाटा काढून ठेवायला काकूला तेच सांगायचे. मायशी ते कधी अरेतुरेने बोलले नाहीत. ‘वहिनी, तुमी’ असंच. आमच्याकडे आंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून शिजायची, वरून लसणाची फोडणी, आणि ती फोडणी बसली की काकू ओरडायची, ‘आता या गं, थंडी व्हायची.’ हळद शिजवायच्या दिवसांत अंगणात चुलाणावर मोठी काहील चढलेली असायची आणि सगळ्या घराला, गोधड्यांना, पाण्यालासुद्धा हळदीचा वास यायचा. हिंगोलीच्या कॉलेजात मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा शेजारच्या मुलीने मला विचारलं होतं, लग्नातून आलीस का. मला तेव्हा भयंकर लाज वाटली होती. कोणत्या गोष्टीची लाज धरावी आणि कोणत्या नाही, हे मला त्या वयात उलटंच कळत होतं.

मायकडे कोकरांचं काम होतं. मेंढरं दिवसभर काकांबरोबर चरायला जायची आणि लहान कोकरं घरी राहायची, परसात तुराट्यांचा कूड घालून केलेल्या जागेत. दिवस कलला की तिकडून बांधावरून मेंढ्यांचा आवाज यायचा, आणि इकडे कुडातली कोकरं बेभान व्हायची. तो गलका ज्याने ऐकलेला नाही त्याला सांगता येणार नाही. शंभर लेकरं एकदम रडत असल्यासारखं. मेंढ्या आत आल्या की माय लुगड्याचा ओचा खोचायची, कुडाचं तोंड उघडायची आणि कोकरांचा लोंढा सुटायचा. मोठी कोकरं आपल्या आया शोधून घेत. दोन-चार दिवसांची होती ती मात्र येडबडून भलत्याच मेंढीच्या पोटाखाली शिरत आणि लाथ खात. माय त्यांना उचलायची, एक हात छातीखाली, एक मागे, आणि डाव्या टाचेवर गर्रकन फिरायची, कान देऊन. त्या गोंगाटात कोणती मेंढी याला हाक मारते ते तिला ऐकू यायचं. ते कळलं की दोन पावलं झपकन पुढे, वाकणं, कोकरू आचळाला लावणं, उजवा पाय दाणकन आपटून मागे येणं, की पुढचं. कोकरं प्यायला लागली की एक क्षण असा यायचा की सगळा आवाज एकदम थांबायचा. नुसती चुटचुट ऐकू यायची आणि हलणारी शेपटं दिसायची.

त्या शांततेत माय नाचायची. मी दुसरा शब्द शोधून पाहिला, नाही सापडला. हात रिकामे झालेले असायचे, तरी कोकरू धरल्यासारखे वर, आणि ती टाचेवर फिरायची, एकदा, दोनदा, मग मागे छोटी उडी, मग मान मागे टाकून आभाळाकडे तोंड. तोंड हसणारं, पण आवाज नाही. लुगड्याला लेंड्या लागलेल्या, कपाळ मोकळं, आणि पाय असे की जमीन तापलेली आहे. कोकरांचं पिणं संपलं की ती ओचा सोडायची, पदर नीट करायची आणि पुन्हा काकांच्या घरातली थोरली विधवा जाऊ होऊन भाकरी थापायला बसायची. मी कुडाच्या कोपऱ्यात पाटी घेऊन बसलेली असायचे. मला ती मोजत नव्हती. मी तिचीच होते, मग लपवायचं काय? आमच्यात नवरा गेलेल्या बाईने फुगडी घालायची नाही, हळदीत नाचायचं नाही, वरातीत मागच्या मागे चालायचं. हे सगळं ती बिनतक्रार पाळायची. एकदा मी विचारलं होतं, ‘माय, तू हे काय करतीस?’ तर म्हणाली, ‘काय करून राहिले? लेकरं पोटभर पिऊन राहिली, मला बरं वाटून राहिलं.’ आनंद या विषयावर मी पुढे पुण्यात अनेक व्याख्यानं ऐकली, काही दिलीही. त्यात याच्यापुढचं काही नव्हतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी युवक महोत्सवासाठी पुण्याहून एक नृत्याच्या मॅडम पंधरा दिवस आल्या. कापलेले केस, अनवाणी पाय, सुती कुडता. आम्हाला वाटलं होतं त्या टेप लावून सिनेमाच्या गाण्यावर पावलं शिकवतील. त्यांनी पहिल्याच दिवशी टेप बंद करून टाकला आणि आम्हा सात मुलींना भिंतीला टेकून बसायला सांगितलं. म्हणाल्या, समकालीन नृत्यात आधी पावलं नसतात, आधी माणूस असतो. उद्या येताना प्रत्येकीने आनंद घेऊन यायचा. खरा. घरात बघितलेला. नाटकी चालणार नाही. दुसऱ्या दिवशी एकीने फुगडी आणली, एकीने निकाल कळल्यावरची उडी आणली, एक तर नुसतीच लाजून बसली. माझी पाळी आली आणि मी उठून माय केली. फिरले, थांबले, पाय आपटला, मागे उडी, मान मागे. संपल्यावर मॅडम उठल्या. मग जवळ येऊन माझ्या टाचेकडे बघत म्हणाल्या, ‘पुन्हा.’ मी पुन्हा केलं. सात-आठ वेळा तरी केलं असेल. माझ्याकडे कुणी असं बघितलेलं नव्हतं आजवर. मला तेव्हाच कळायला हवं होतं की त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

पुढच्या बारा दिवसांत त्या एवढ्याशा गोष्टीचं अकरा मिनिटांचं नृत्य झालं. सहा मुली कोकरंही आणि मेंढ्याही, मी मधे. मॅडमना काम येत होतं, ते नाकारून चालणार नाही. गलका त्यांनी मुलींच्या श्वासांतून उभा केला, आणि तो थांबतो तो क्षण असा पकडला की तालमीत आम्हालाच रडू यायचं. माय विधवा आहे हे मी बोलता बोलता सांगितलं होतं. ते ऐकल्यावर त्यांचे डोळे चमकले. मग पोशाख ठरला: बिनकाठाचं पांढरं लुगडं, कपाळ कोरं. ‘हेच तर आहे,’ त्या म्हणाल्या, ‘जिला नाचायची परवानगी नाही तिचा आनंद.’ मी मान डोलावली. मला त्यांचं वाक्य इतकं आवडलं की ते मी वहीत लिहून ठेवलं. मायला विचारावं असं एकदाही मनात आलं नाही, आणि आलं नाही याचं आज मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. आदल्या दिवशी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘अनुसया, हे तू रचलेलं नाहीस, म्हणून ते खरं आहे. कधी खोटं करू नकोस. परीक्षा झाली की मी तुला पुण्याला नेणार.’

नेमकं कार्यक्रमाच्याच दिवशी चंद्रकलेला बघायला औंढ्याकडचे पाहुणे आले होते. मुलगी पसंत पडली, बोलणं जवळजवळ ठरलं, आणि काका खुशीत होते. आपली पुतणी हिंगोलीला स्टेजवर आहे, शिकलेलं घर आहे, हे दाखवायला त्यांनी पाहुण्यांना जीपमध्ये घातलं आणि थेट कार्यक्रमाला आणलं. मला काहीच माहीत नव्हतं. माय नव्हती आली. कार्यक्रम संध्याकाळपर्यंत लांबणार होता आणि कोकरं कोण सोडणार?

नाच झाला. टाळ्या अशा पडल्या की मला वाटलं पत्रे कोसळतात. पहिलं बक्षीस जाहीर झालं, मी तशीच पांढऱ्या लुगड्यात वर गेले, आणि बक्षीस देणाऱ्या गृहस्थांनी कौतुकाने माईक माझ्यापुढे धरला. बाळ, हे सुचलं कुठून? मी म्हणाले, ‘हे मला सुचलेलं नाही. हे माझ्या मायचं आहे. भागीरथीबाई तिचं नाव. आमच्या कोकरांच्या कुडात ती रोज संध्याकाळी असं नाचते. मी फक्त तिची नक्कल केली.’ मला वाटलं मी फार मोठी, फार प्रामाणिक गोष्ट करून राहिले. आईचं नाव चारचौघांत घेतलं, श्रेय तिला दिलं. पुन्हा टाळ्या. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत चौथ्या रांगेत चार पागोटी तशीच स्थिर दिसली. त्यातलं एक काकांचं होतं.

परतीच्या जीपमध्ये माझ्या मांडीवर बक्षिसाची ढाल होती. हिंगोली मागे पडल्यावर पाहुण्यांतले म्हातारे म्हणाले, ‘वहिनीबाई नाचत्यात म्हणा की घरी.’ काका म्हणाले, ‘नाटकातलं असतंय ते पाव्हणं. खरं नसतंय.’ म्हातारे शांतपणे म्हणाले, ‘पोरीनं नाव घेऊन सांगितलं. शिकलेली पोरगी, खोटं कशाला बोलंल?’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. मुलगी द्यायच्या-घ्यायच्या वेळी माणसं बैलाचे दात बघावेत तशी चौकशी करतात, तसा तो आवाज होता. पाहुणे ठरल्याप्रमाणे आमच्याकडे मुक्कामाला राहिले. घरी आले तर माय ढालीकडे बघून हरखली. ‘पितळंची हाय का गं?’ म्हणाली आणि पदराने पुसली. मी तिला काही सांगितलं नाही.

सकाळी चहाच्या आधीच म्हाताऱ्यांनी विषय काढला. आमच्या समाजात असल्या गोष्टीचा निकाल कोर्टात लागत नाही. ताटात भंडारा आणि बेलाची पानं ठेवायची, ताट खंडोबाच्या टाकापुढे मांडायचं, ज्याच्याबद्दल किंतु असेल त्याने तो बेलभंडारा उचलून बोलायचं. एकदा उचलला की पुन्हा कुणी विचारायचं नाही, तोंड बंद. पाहुणे म्हणाले, ‘आमाला तकलीफ द्यायची न्हाई. पर आमच्या घरी लोक इचारतील. बाईनं एकदा बोलावं, मग बराबर हाय.’ काकूने ताट आणलं. भंडारा आमच्याच हळदीचा होता.

काकांनी आधी मायला विचारलं नाही. ते माझ्याकडे वळले. ‘अनसा, तूच सांग. ते तुह्या मनानं रचलंस ना? बक्षीस भेटावं म्हणून बोललीस ना तसं?’

एवढंच हवं होतं. ‘व्हय काका’ एवढे दोन शब्द. पाहुणे हसले असते, पोरगी चहाटळ आहे म्हणाले असते, चहा आला असता. मी गप्प राहिले. मला आज वाटतं, लिहावं की भीतीने माझी वाचा बसली. तसं नव्हतं. मॅडमचा आवाज कानात होता, कधी खोटं करू नकोस. ते मी रचलं म्हणाले तर माझा नाच खोटा होईल, असं मला खरोखर वाटत होतं. बेलभंडाऱ्यापुढे मी खोटं बोलणार नाही, मी कलावंत आहे! अठरा-एकोणिसाव्या वर्षी मी एवढी पवित्र होते की त्या पवित्रपणापायी आईला पुढे ढकललं. मी सारवलेल्या जमिनीवरचे बोटांचे फराटे बघत उभी राहिले.

‘मंग वहिनी, तुमीच बोला,’ काका म्हणाले.

मायने बेलभंडारा उचलला. ‘मालक गेल्यापासून माझा पाय कव्हा नाचला न्हाई,’ ती म्हणाली. ‘नाचला असंल तर माझी मेंढरं ऱ्हायची न्हाईत.’ आवाज स्पष्ट होता. पाहुण्यांनी कपाळाला भंडारा लावून घेतला, चंद्रकलेचं लग्न ठरलं आणि काकूने शिरा केला. मला वाटलं, झालं, सुटलो.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा संध्याकाळी मी सवयीने कुडाच्या कोपऱ्यात जाऊन बसले. मेंढ्या आल्या, गलका झाला, मायने कोकरं सोडली. चुकलेली उचलून लावली, पण फिरली नाही. टाचेवर फिरायचं तिथे बाईमाणसासारखी पावलं टाकत वळली. मग आवाज थांबला. चुटचुट सुरू झाली. मी वाट बघत होते. ती दगडावर बसली आणि पायातला काटा काढायला लागली. काटा नव्हता, मला दिसत होतं.

‘माय,’ मी म्हणाले, ‘आता काहून न्हाई?’

‘काय काहून?’

‘नाचत काहून न्हाईस?’

ती माझ्याकडे बघून हसली, पण ते हसणं मला नको होतं. म्हणाली, ‘देवाला साक्षी ठिवून बसले ना मी, कव्हा नाचले न्हाई म्हणून. आता नाचले तर त्यो खोटा पडंल. मी खोटी पडले तर चालंल गं, म्या त्याला काहून खोटा पाडू?’ मी म्हणाले, पण कुणी बघत नाही. ती म्हणाली, ‘तू तरी बघतच व्हतीस न्हवं?’ त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. त्या हिवाळ्यात रोगाने बरीच कोकरं गेली. गावातल्या सगळ्यांचीच गेली, डॉक्टरने साथ आहे म्हणून सांगितलं. माय प्रत्येक मेलेलं कोकरू स्वतः उचलून पुरायची आणि त्या दिवशी जेवायची नाही.

मी पुण्याला गेले. पुढचं सगळं छापून आलेलंच आहे. त्या अकरा मिनिटांची पुढे चाळीस मिनिटं झाली, दिवे आले, परदेशी लोक आले, पांढरं लुगडं तेच राहिलं. मी ते किती वेळा नाचले मला माहीत नाही. लोक प्रयोगानंतर डोळे पुसत भेटायला यायचे आणि आईंना आमचा नमस्कार सांगा म्हणायचे. मी सांगत नसे. मायला पुण्याला आणायचा विषय मी दोन-तीनदा काढला, ती म्हणायची कोकरं आहेत. मग कोकरंही राहिली नाहीत. रानात सगळीकडे सोयाबीन झालं, चारायला जागा उरली नाही, काकांनी मेंढरं विकली. त्यानंतर ती वीस वर्षं जगली, खाऊन-पिऊन सुखी, दुपारी टीव्ही बघत. कार्यक्रमात बायका नाचायला लागल्या की ती उठून आत पाणी प्यायला जायची, असं काकूने मला सांगितलं.

तिच्या तेराव्याला पंगती उठल्यावर मी आणि काका अंगणात बसलो होतो. काका आता पंचाऐंशीच्या पुढे, पण कान तिखट. मी खूप दिवस साठवलेलं बोलले. म्हणाले, ‘काका, एक सांगते. माय खरंच नाचायची. तुमी तिला खोटं बोलायला लावलं.’

मला वाटलं ते चिडतील. त्यांनी तंबाखूची डबी उघडली, पुन्हा मिटली.

‘ठाव हाय मला,’ ते म्हणाले. ‘मेंढरं आत घातली की मी भायेर बांधावर बसायचो. वहिनीचं व्हईस्तवर. मंग आत यायचो. तुह्या काकूलाबी ठाव व्हतं, ती परसात येतच नसे त्या वख्ताला. बाईमाणूस हाय, दिवसभर राबती, घडीभर बरं वाटतंय तर वाटू द्यावं.’

 मी विचारलं, ‘मग भंडारा काहून उचलायला लावला?’

‘तू चार माणसांत नाव घेऊन बोललीस, लेकरा. मंग मला इचारणं भाग व्हतं. म्हणून तर तुला आधी इचारलं. तू व्हय म्हणली असतीस तर तितंच मिटलं असतं.’ मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तू खाली बघून राहिलीस, तुला दिसलं नसंल. वहिनी तुह्याकडं बघून राहिल्या व्हत्या. लई येळ. पाव्हणं खाकरले, तरी बघतच व्हत्या. तू मान वर करशील म्हणून थांबल्या. मंग त्यांनी ताटात हात घातला.’